मुळांना नको, टोकांना!

नाही, हसा तुम्ही, पोटभर हसा, मला सवय आहे... पण एक सांगा, ज्या माणसाच्या डोक्यावर तिशीतच उगवायचं बंद झालं, त्या माणसानं दुकानात जाऊन केसांचं कंडिशनर मागितलं, तर मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसायचं कारण काय? आं? दुसऱ्या कुणासाठी घेत असेल बिचारा, असा विचार नको करायला? पण नाही! मी तिथं हातात टोपली घेऊन उभा, समोर भिंतभर बाटल्या, हिरव्या काय, जांभळ्या काय, एकीवर नारळ, एकीवर मध, एकीवर नुसतंच कसलं तरी पान, आणि ती दुकानातली मुलगी, असेल माझ्या मुलीच्या वयाची, आधी माझ्या टकलाकडे बघते, मग बाटल्यांकडे, मग पुन्हा टकलाकडे, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारते, ‘काका, केस कसे आहेत?’

केस कसे आहेत! अगं बाई, दिसतंय ना तुला!

त्यात तुम्हाला सांगतो, मी एसीचा मेकॅनिक. उभा जन्म कंडिशनर दुरुस्त करण्यात गेला. कंडिशनर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा खोका येतो, खाली ठिबकणारं पाणी येतं, ‘अहो परवाच तर गॅस भरला होता’ म्हणून ओरडणारं गिऱ्हाईक येतं. केसांना लावायचं कंडिशनर, ते शाम्पूच्या आधी की नंतर, धुवायचं की तसंच ठेवायचं, मला कुणी सांगितलं होतं? कोण सांगणार? आणि मी तरी कशाला विचारणार?

म्हटलं, ‘माझ्या आईसाठी हवंय.’

‘बरं. मग आईंचे केस कसे आहेत?’

‘पांढरे.’

‘रंग नाही हो काका. कोरडे आहेत की तेलकट? सरळ, कुरळे, की मधलेच? एकेक केस जाड आहे की बारीक? कधी रंगवलेत का?’

जन्मल्यापासून त्या बाईला बघतोय मी! तिच्या दुखणाऱ्या दाढेचा नंबर सांगेन, चपलेचं माप सांगेन, चहात साखर किती लागते ते सांगेन. पण केस? घट्ट अंबाडा, एवढंच माहीत. अंबाड्याच्या आत काय असतं, कुणी बघितलंय?

आता तुम्ही म्हणाल, आईला या वयात कंडिशनर कशाला? तर ऐका.

आई पडली. उंबऱ्याला पाय अडखळला आणि पडली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळई घातली, आणि ती दवाखान्यात उताणी पडून राहिली. किती दिवस ते विचारू नका, मोजायचे सोडून दिले होते आम्ही. आता आईचं एक असं, की केसांना कुणाला हात लावू द्यायची नाही. सकाळी आम्ही उठायच्या आत खिडकीशी बसायची, केस पुढे घ्यायची, स्वतःच विंचरायची, स्वतःच अंबाडा बांधायची. आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा बायकोनं प्रेमानं विचारलं, ‘आई, मी विंचरून देऊ का?’ तर आई म्हणाली, ‘माझे हात आहेत अजून.’ बस्स. पुन्हा कुणाची विचारायची टाप नाही. म्हणजे झालं काय, की पडली त्या सकाळी तिनं जो अंबाडा घातला होता, तोच डोक्याखाली घेऊन ती दवाखान्यात राहिली. नर्सनं हात लावला की कळवळायची. मान हलवली की पाय दुखायचा. राहू दे म्हटलं, घरी गेल्यावर बघू.

घरी आणली. बायको पिना काढायला बसली. एकेक पिन काढली, सगळ्या काढल्या... आणि अंबाडा जागचा हलला नाही. पिना नाहीत, काही नाही, तरी जसाच्या तसा! घामानं, तेलानं, उशीला घासून घासून त्याचा गठ्ठा झाला होता. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. आई म्हणाली, ‘काय झालं? सुटला का?’

आम्ही दोघंही एकदम म्हणालो, ‘हो हो, सोडतोय.’

मग आल्या व्यायामाच्या बाई. पायाचा व्यायाम करून घ्यायला येतात त्या. तरतरीत बाई, आवाज असा की गल्लीतल्या माणसानंही हातपाय हलवावेत. ‘चलाऽऽ आजी! उठून बसायचं! आज बसायचं, उद्या उभं राहायचं, परवा पळायचं!’ आणि उठवताना त्यांचा हात लागला त्या गठ्ठ्याला. ‘अगंबाई! हे काय हो? कापून टाका की! मस्त बारीक कापा, डोकं हलकं होईल, कोण बघतंय आता या वयात?’

मनानं वाईट नाहीत हो त्या. पण आईनं भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी व्यायाम नाही. ‘पाय दुखतोय.’ तिसऱ्या दिवशी नाही. ‘चक्कर येते.’ मग कारण सांगायचंही बंद. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, ‘हे बघा, हाड जुळतंय, त्याची काळजी नाही. पण आत्ता उठल्या नाहीत, तर मग कायमच्या अंथरुणाला खिळतील.’ एवढं सरळ बोलले ते.

संध्याकाळी बायको कात्री घेऊन खाटेपाशी गेली. काय करणार? कुणीतरी करायलाच हवं होतं. म्हणाली, ‘आई, थोडेच... पुन्हा वाढतील.’ आई भिंतीकडेच बघत होती. म्हणाली, ‘कापायचे तर कापा. पण मी झोपलेली असताना कापा.’

बायकोनं कात्री खणात ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. नळ सोडून ठेवला म्हणजे ती रडतेय, एवढं मला संसारात कळायला लागलंय.

मग मी केला ताईला फोन. माझी मोठी बहीण, लांब असते, नोकरी, घर, तिचंही काही कमी नाही. मी म्हटलं, ‘ताई, आईचे केस...’ एवढंच म्हटलं, तर पलीकडून, ‘काय झालं आईला? खरं सांग! लपवू नकोस!’ अगं, आई बरी आहे, केसांचा गुंता झालाय! मग ती रडली, मग चिडली, मग हुकूम सुटला, ‘कात्री लावलीस तर माझ्याशी गाठ आहे! कंडिशनर लाव! गुंता कंडिशनरनं सुटतो! मी लावते ना माझ्या केसांना!’ आता ताईचे केस रंगवलेले, त्यावर मशीननं सरळ केलेले, तिच्या केसांचं आणि आईच्या केसांचं काय नातं? पण फोनवरून काय हो, फोनवरून डोंगरसुद्धा हलवता येतो.

कंडिशनर लाव म्हणे. बाथरूममध्ये बायकोची बाटली होतीच. बायको बाजारात गेली होती. मी म्हटलं, एवढं काय त्यात? घेतली बाटली, खाटेपाशी गेलो, आईच्या डोक्याखाली टॉवेल ठेवला, आणि अर्धी बाटली पिळली थेट टाळूवर! कोरड्या केसांवर! चांगलं चोळलं, मालिश केल्यासारखं. गुंत्यापर्यंत थेंबही गेला नाही. सगळं मुळांशी बसलं. आई म्हणाली, ‘डोक्यावर खळ ओतलीस काय रे?’ धुवायचं कसं? पडल्या पडल्या तांब्यानं पाणी घातलं. उशी भिजली, गादी भिजली, आईच्या कानात पाणी गेलं, आणि कंडिशनर आपलं जागच्या जागी, चिकट. तेवढ्यात बायको दारात. हातात पिशव्या.

‘अहो! मुळांना लावतात का कधी? मुळांना नको, टोकांना! आणि माझं आहे ते बारीक केसांचं, पाण्यासारखं. माझे केस सरळ, दुसऱ्या दिवशी तेलकट होतात, म्हणून मी शेंगदाण्याएवढं घेते, ते पण फक्त शेवटाला. आईंना त्यानं काय होणार?’

मला कसं माहीत असणार? शेंगदाण्याएवढं घेते म्हणे. इतकी वर्षं एका घरात राहतो आपण, कधी सांगितलं होतंस?

तर असा मी त्या दुकानात पोचलो होतो. आणि ती मुलगी विचारतेय, ‘काका, केस कसे आहेत?’ आणि मला येत नाही उत्तर! टोपली ठेवली खाली. ‘बघून येतो,’ म्हटलं. त्या मागच्या दोघी पुन्हा कोपरानं ढोसतायत एकमेकींना. ढोसा!

घरी आलो. आई जागी होती. स्टूल ओढून बसलो. म्हटलं, ‘आई, जरा केस बघू दे.’

‘कशाला?’

‘दुकानात विचारतात. कसे आहेत म्हणून.’

मला वाटलं आता खेकसणार. पण तिनं मान जराशी वळवली. कानापाशी थोडे मोकळे होते, ते मी बोटांत धरले. तुम्हाला सांगतो, मी माझ्या आईचे केस पहिल्यांदा हातात धरले असतील. जाड होते. तारेसारखे. कोरडे, खरखरीत, आणि वळणावळणाचे, म्हणजे अगदी कुरळे नाहीत पण सरळही नाहीत. मी तसाच बसून राहिलो धरून.

मग तीच म्हणाली, हळूच, ‘मागचे कसे आहेत रे? मला दिसत नाहीत.’

आता काय सांगायचं? तोंडावर आलं होतं, चांगले आहेत आई, काही नाही झालं. सगळे तेच तर म्हणत होते तिला. मी उठलो, मागे गेलो, चष्मा लावला, त्या गठ्ठ्यात बोट घालून बघितलं. म्हटलं, ‘वाईट आहेत, आई. पण मुळापाशी बोटभर सुटे आहेत. गुंता मधे आहे. सगळे गेलेले नाहीत.’

तिनं हात मागे नेऊन गठ्ठा चाचपला. मग म्हणाली, ‘पहिल्यापासून कोरडेच. सोडले की कमरेपर्यंत येतात, रंग कधी लावला नाही. ताईच्या वेळपर्यंत सरळ होते हो माझे. तुझ्या बाळंतपणानंतर असे वाकडे झाले.’

म्हणजे बघा! तेही माझ्यामुळेच!

पुन्हा दुकानात. ‘काका, आलात?’ मी शाळेत पाढे म्हणावे तसा उभा राहून म्हटलं, ‘जाड. कोरडे. वळणाचे. कधी रंगवलेले नाहीत. कमरेपर्यंत लांब. आणि मागे घट्ट गुंतलेत.’ त्या मुलीनं बाटल्यांना हातच लावला नाही. खालच्या फळीवरून एक जाडजूड डबा काढला, आत लोण्यासारखं घट्ट. म्हणाली, ‘आधी शाम्पू नका लावू, गुंता आणखी आवळतो. केस ओले करा, हे भरपूर लावा, कंजुषी नको, थोडं थांबा, मग लांब दातांच्या कंगव्यानं शेवटापासून सोडवत वर जा. आणि मुळांना नको हं काका, टोकांना! आणि घरात कुणाचे सरळ, पातळ केस असतील तर त्यांना हे देऊ नका, डोक्याला चिकटून बसतील. आणि तुम्हाला...’ माझ्या डोक्याकडे बघितलं आणि पुढचं गिळलं. चांगल्या घरची मुलगी.

आणला डबा. आता केस ओले करायचे. खाटेवर? पुन्हा गादी भिजवायची? मी बायकोशी कुजबुजत होतो, प्लॅस्टिक अंथरू का, बादली कुठे ठेवू... तर आतून आवाज आला, ‘मला नळापाशी न्या.’

आम्ही दोघं दारात. मी म्हटलं, ‘आई, बाथरूमपर्यंत चालावं लागेल.’

‘माहितीये मला बाथरूम कुठे आहे ते. त्या वॉकरवरचे टॉवेल काढ.’

तो वॉकर, चालायचा, चार पायांचा, दवाखान्यातून आणला होता. आल्यापासून त्यावर टॉवेल वाळत होते. मी टॉवेल काढले. बायकोनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. आई उठली. मी खोटं सांगणार नाही, तिला फार दुखलं. ओठ दाताखाली धरला होता. वॉकर पुढे, मग चांगला पाय, ‘नाही नाही आई, आधी दुखरा,’ मग दुखरा पाय, मग थांबायचं. एवढंसं घर आमचं, मी खोलीतून बाथरूममध्ये शिटी वाजवत जातो, त्या दिवशी ते अंतर संपता संपेना. एकदा थांबली, वॉकरवर कपाळ टेकलं. बायको म्हणाली, ‘आई, परत जाऊया का?’ आई तशीच म्हणाली, ‘अर्ध्यात आल्यावर विचारतेस होय?’

खुर्चीत बसवली. केस ओले केले, लोणी थापलं, टोकांना हं, मुळांना नाही! आणि थांबलो. मग मी कंगवा घेतला आणि वरून ओढला.

‘आई गंऽऽ! खालून! खालून रे! शेवटापासून!’

तो आवाज ऐकला आणि बायकोनं माझ्याकडे बघितलं. कारण आई ओरडली होती. इतक्या दिवसांनी ओरडली होती!

मी म्हटलं, ‘आई, रागावू नको, आमच्याकडे एसीच्या कॉइलला बारीक पात्या असतात, त्या वाकल्या की विंचरून सरळ करतो आम्ही, तिथंही कडेपासूनच...’

‘मी मशीन आहे होय?’

‘नाही गं, सांगतोय आपलं...’

‘सांगू नकोस. विंचर.’

विंचरलं. चार केस सुटायचे, पुन्हा लोणी, पुन्हा कंगवा, मग बोटांनी. पाणी गार व्हायचं, बायको गरम आणून ओतायची. त्या दिवशी मुठीएवढं सुटलं. आई थकली, परत नेली. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, बूट काढतोय तोच, ‘चल.’ पुन्हा वॉकर, पुन्हा नळ. तिसऱ्या दिवशी मला यायला उशीर झाला तर ही आधीच खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेली! आणि बोलायची हो. खुर्चीत बसलं की बोलायची. बाबा गेले तेव्हा म्हणे तिनं केस कापायचे ठरवले होते, कात्री घेतली होती हातात, पण बाबांना आवडायचे म्हणून ठेवले. मला हे माहीत नव्हतं. ताईला माहीत होतं का कुणास ठाऊक. ती पाठमोरी बसलेली, म्हणूनच सांगू शकली असेल. मीही मागे होतो ते बरं झालं.

एका दुपारी, सुट्टी होती मला, त्या व्यायामाच्या बाई आल्या. खोलीत गेल्या आणि किंचाळल्या, ‘आजी कुठायत?’ खाट रिकामी! पळत आल्या बाथरूमच्या दारात. आई खुर्चीत ताठ बसलेली, मी मागे, कोपरापर्यंत पांढरा. बाई म्हणाल्या, ‘आजी! मी घसा फोडून सांगते, उठा उठा, तर माझं ऐकत नव्हतात!’

आई म्हणाली, ‘उठून जायचं कुठं, ते कुठं सांगितलं होतंस?’

बाईंनी पर्स बाजूला ठेवली, बाह्या वर केल्या आणि तांब्या हातात घेतला. मनानं वाईट नाहीत, मी म्हटलं होतंच ना!

तर सगळा गुंता सुटला का? नाही. कंडिशनर म्हणजे जादू नव्हे हो. मानेच्या वर, अगदी मधोमध, एक गाठ राहिली. दगड! डबा संपला, दुसरा आणला, बोटं दुखायला लागली, काही केल्या सुटेना. मी ओढत होतो, आई सोसत होती. शेवटी म्हणाली, ‘पुरे. आरसा आण.’

बायकोनं आरसा आणला. आईनं तो वाकडातिकडा करून बघितलं, मोकळे केस खांद्यावरून पुढे घेतले, विंचरलेले, पांढरेशुभ्र, ते हातावर तोलले. मग म्हणाली, ‘तेवढी गाठ काप.’

मी म्हटलं, ‘आई, उद्या पुन्हा बघू, कदाचित...’

‘मी बघतेय आरशात. काप तू.’

कापली. कात्री दोनदा चालवावी लागली, तिचा आरसा जागचा हलला नाही. मागून थोडे आखूड झाले, बाकी आहेत तसे राहिले. मग तिनं स्वतः अंबाडा बांधला. जरा लहान. पण घट्ट.

आता चालते. वॉकर घेऊन दारापर्यंत जाते. शेजारणी बघायला येतात. परवा चौघी आल्या होत्या, मी आत बाथरूममध्ये कंडिशनरचा रिकामा डबा धूत होतो. बाहेरून ऐकू येतं सगळं. ‘अय्या, केस किती छान राहिलेत हो! आम्हाला वाटलं, कापावे लागले असतील!’ आणि आई, अगदी अभिमानानं, ‘कापणारच होते हो हे. पण माझी मुलगी! एवढी लांब असते, पण रोज फोन. तिनंच सांगितलं, कंडिशनर लावा. तिच्यामुळे वाचले माझे केस!’

मी बाहेर गेलो नाही. जाऊन काय सांगणार? आणि खोटं तरी काय होतं त्यात? सांगितलं होतं तिनं. मी फडकं घेतलं आणि खाली बसलो. कारण त्या कंडिशनरनं फरशी अशी निसरडी होते, की धडधाकट माणूस आडवा होईल. हे कुठल्याही डब्यावर लिहिलेलं नसतं, म्हणून सांगतो. एकदा पुसून भागत नाही, गरम पाण्यानं दोनदा पुसावी लागते, कोपऱ्यात विशेष, वॉकरचा पाय जिथं पडतो तिथं तर फारच. चालायचंच हो. केस आईचे, कौतुक ताईचं... आणि फरशी आपली.